फांदी कुठली?

पक्ष्यांचे फोटो बघायची सवय असेल तर हा फोटो तुम्ही किमान शंभर वेळा पाहिलेला आहे. एक फांदी, डावीकडून उजवीकडे जराशी वर चढणारी. तिच्यावर हिरवंगार शेवाळ. मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. फांदीवर एक पक्षी, अंग थोडं आपल्याकडे वळलेलं, डोळ्यात उजेडाचा एक ठिपका. मधे येणारं पान नाही, तार नाही, दुसरा पक्षी नाही. खाली पक्ष्याचं नाव, कॅमेरा, लेन्स, आयएसओ आणि गाव. अंगठा थांबतो, हार्ट देतो, पुढे सरकतो.

मागच्या मार्चमध्ये असाच एक दयाळ माझ्यासमोर आला आणि खाली गाव होतं साक्री. मी साक्रीचा. दहावीपर्यंतचे सगळे मार्च तिथे काढलेत. मार्चमध्ये कान नदीत पाण्यापेक्षा दगड जास्त असतात, शिवार पिवळं पडलेलं असतं, आणि शेवाळ बघायचंच असेल तर गळक्या नळाखाली बघावं लागतं. मी तो फोटो आजीला दाखवला. तिने मोबाईल लांब धरला, जवळ घेतला आणि म्हणाली, "पाखरू आपलंच शे. फाटा आठला नही."

पाखरू आपलंच आहे, फांदी इथली नाही. पक्षी-छायाचित्रणावरची इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. पुढे जे लिहितोय ते या दोन वाक्यांचा हिशोब लावण्यासाठी.

ज्याने फोटो काढला तो माझ्या ओळखीचा. विचारल्यावर त्याने आनंदाने सगळं सांगितलं, लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. फांदी सह्याद्रीतून गाडीच्या डिकीतून आणलेली. घराच्या मागच्या अंगणात मातीचं पसरट भांडं, त्यात पाणी, शेजारी लोखंडी स्टँडला क्लॅम्पने घट्ट केलेली ती फांदी. स्वतः आठ मीटरवर, शेडनेटच्या आडोशाला. पक्षी रानातला, मोकळा, स्वतःच्या मर्जीने आलेला. पाणी प्यायला, अंघोळ केली, गेला. कुणाचं काय बिघडलं?

खरं तर काहीच नाही, आणि त्यामुळेच हा विषय सोपा नाही.

आधी या कसबाबद्दल दोन शब्द, कारण त्यात डोकं लागतं. आजकाल हौशी लोकांकडे सर्रास दिसणारी लेन्स ६०० मिलिमीटर, एफ ६.३ वाली. आठ मीटरवरच्या पक्ष्याला फुल फ्रेम कॅमेऱ्याने टिपायचं तर गणिताने फोकसची खोली निघते सहा-सात सेंटीमीटर. दयाळ चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण वीस सेंटीमीटर. म्हणजे तो आपल्याकडे तोंड करून बसला तर डोळा स्पष्ट आणि शेपूट धुकं. त्याला कडेने बसवलं पाहिजे. बसवणार कसं? पक्षी फांदीला आडवा बसतो, तेव्हा फांदीच कॅमेऱ्याच्या दिशेने थोडी तिरकी लावायची, पक्षी आपोआप कडेने दिसतो. फांदी बोटाएवढी जाड, म्हणजे पंजांची पकड दिसते. पाण्यावर उतरण्याआधी पक्षी कुठेतरी टेकून मांजर-बिंजर आहे का ते बघून घेतो. सगळा खेळ त्या दोन सेकंदांचा. मग आसपासच्या टेकण्याच्या बाकी जागा काढून टाकायच्या आणि एकच ठेवायची. ऊन आपल्या पाठीशी, मागची झाडी जितकी लांब तितकं लोणी मऊ.

माझ्या धंद्यात याला डेमो म्हणतात. सर्व्हर आपला, डेटा आपण निवडलेला, नेटवर्क तुटणार नाही याची व्यवस्था केलेली. डेमो खोटा नसतो. सॉफ्टवेअर खरोखर चालत असतं. फक्त ग्राहकाच्या कचेरीत ते असंच चालेल, असं त्याने समजू नये.

आता इतिहास. पक्षी एका ठरावीक बिंदूवर यावा ही गरज कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅमेरे अवजड, लेन्स मंद, फिल्म आणखी मंद. पक्षी खात्रीने परत येतो अशी जागा त्या लोकांना एकच माहीत होती, घरटं. ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग याचं नाव घरट्यावरच्या कामासाठीच गाजलं. १९३७ साली एका घुबडाने त्याचा डावा डोळा फोडला, तेही घरट्याच्याच परिसरात. पुढे त्याने आत्मचरित्राला नाव दिलं 'अॅन आय फॉर अ बर्ड'. (विनोदबुद्धीला दाद द्यायची, घुबडाची बाजूही समजून घ्यायची.) आपल्याकडे ई. एच. एन. लोथर यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे १९४९चं पुस्तक त्याच परंपरेतलं. घरट्यापुढची पानं दोऱ्याने मागे बांधणं किंवा छाटणं ही त्या काळात रीतच होती, तिला ते लोक बागकाम म्हणत.

त्या बागकामाचा अर्थ खानदेशात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना घरट्यावरची चार पानं बाजूला केली की पिल्लांच्या डोक्यावरचं छप्परच जातं, आणि कावळ्याला पत्ता मिळतो तो वेगळा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना धक्का पोचवणंही येतं. बंदूक लागत नाही.

या इतिहासाच्या शेजारी ठेवली की पाण्याच्या भांड्याशेजारची फांदी ही प्रगतीच वाटते. पक्ष्याला खात्रीने एका जागी आणायचं आणि त्याच्या पोराबाळांना हातही लावायचा नाही. क्लॅम्पला नाकं मुरडणाऱ्या जुन्या जाणत्यांशी माझं इथेच पटत नाही. उन्हाळ्यात साक्रीसारख्या गावात पाण्याचं भांडं ही पक्ष्याला खरी मदत आहे, आणि त्याच्या शेजारी टेकायला जागा केली तर ती माणुसकीच म्हणायची.

शिवाय पक्ष्यासाठी काठी रोवणं ही कल्पना छायाचित्रकारांच्या बापजाद्यांची नाहीच. आमच्याकडे हरभऱ्यात घाटेअळी पडते. कृषी खात्याच्या सल्ल्यात फवारणीच्या आधी एक ओळ असते, शेतात पक्षीथांबे उभारा. इंग्रजी टी आकाराची काठी, पिकापेक्षा उंच. काही जण हरभरा पेरतानाच मूठभर ज्वारी मिसळतात, तिची ताटं उंच वाढतात आणि आयते थांबे तयार होतात. कोतवाल येतो, साळुंक्या येतात, अळ्या वेचतात. मामांच्या शेतात असे थांबे मी लहानपणापासून बघतोय. तिथे बसलेला कोतवाल खोटा आहे असं कुणी म्हणणार नाही. त्याला उंची मिळाली, नजर टाकायला मोकळी जागा मिळाली, पंजात मावेल एवढी जाडी मिळाली. काठी कुणी रोवली हे विचारायला त्याला सवड नाही.

म्हणून फोटोग्राफीच्या व्हिडिओंमध्ये सतत ऐकू येणारा 'नॅचरल पर्च' हा शब्द मला मुळातच गमतीचा वाटतो. शंभरेक किलोमीटरवरून आणून स्क्रूने आवळलेली फांदी नॅचरल, कारण ती लाकडाची. आणि वेडा राघू रोज सकाळी आपणहून ज्या विजेच्या तारेवर बसतो ती अननॅचरल, कारण ती आपल्याला बघवत नाही. हे वर्गीकरण पक्ष्याचं नाही, फ्रेमचं आहे.

तर माझी तक्रार फांदी लावण्याबद्दल नाही. तक्रार त्या खालच्या ओळीबद्दल आहे: साक्री, मार्च.

इथे खानदेशातलीच एक जुनी भानगड सांगितली पाहिजे. जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज सनदी अधिकारी १८८०च्या दशकात या भागात होता. माणूस पक्षीवेडा. पश्चिम खानदेशच्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या, पक्ष्यांची यादी त्याने १८८२च्या सुमारास 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो पक्षी मारून, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधून ठेवायचा. त्यात एक लहानखुरं घुबड होतं, रानपिंगळा. १८८४नंतर हा पक्षी कुणालाच खात्रीने सापडला नाही. नामशेष झाला असावा असं लोक धरून चालले.

मधे एक नोंद मात्र होती. कर्नल रिचर्ड माइनरट्झहागेन या नामवंत ब्रिटिश पक्षीसंग्राहकाचा एक रानपिंगळा होता, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, एक्स-रे काढले. पेंढा नव्याने भरलेला होता, पण मुळात तो नमुना ज्या हाताने तयार केला त्याच्या खुणा आत तशाच राहिल्या होत्या. ते काम डेव्हिडसनचं होतं. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातला खानदेशचा पक्षी चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. १९९९मध्ये या दोघांचा निबंध 'आयबिस'मध्ये आला. त्याआधीच, त्या खोट्या चिठ्ठीला बाजूला सारून आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध घेतल्यावर, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. नंदुरबार जिल्हा व्हायला तेव्हा अजून सात-आठ महिने होते, म्हणजे पक्षी कागदोपत्री धुळे जिल्ह्यातच सापडला.

माइनरट्झहागेनचा पक्षी खरा होता. पिसं खरी, चोच खरी. खोटी होती ती फक्त जागा. आणि एका खोट्या जागेने आधीच्या शोधांना भलत्या दिशेला पाठवलं. चोरी करणारा कर्नल आणि अंगणात फांदी लावणारा माझा मित्र यांना मी एका पारड्यात टाकत नाही. एवढंच म्हणतो की पक्ष्याच्या फोटोतला माल फक्त पक्षी नसतो. तो कशावर बसलाय, ते झाड कुठलं, त्या झाडाला त्या महिन्यात पानं होती का, ही सगळी त्या चिठ्ठीवरचीच माहिती. रानपिंगळ्याचंच बघा. तो दिवसाही शिकार करतो, विरळ सागाच्या रानात उघड्या फांदीवर बसून खाली सरडा-उंदीर हलायची वाट बघतो. पानगळ झालेल्या सागाची ती उघडी फांदी काढून तिथे शेवाळी डहाळी ठेवली तर पक्षी ओळखू येईल, पण तो जगतो कसा ते पुसलं जाईल.

याहून चांगलं उदाहरण खाटकाचं. डोळ्यांवर काळी पट्टी असलेला हा छोटा पक्षी आमच्याकडे बांधाबांधावर दिसतो. टोळ, सरडा पकडला की तो बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवतो. त्याच्या पायात ससाण्यासारखी ताकद नाही, म्हणून काटा हाच त्याचा दुसरा हात, आणि तेच त्याचं कपाट. खाटीक या नावाचा उगम तिथे आहे. आता इंटरनेटवर खाटकाचे फोटो शोधा. गुळगुळीत डहाळी, मागे लोणी. काटा नाही, टोळ नाही. खाटकाचं दुकान काढून घेतलं आणि खाटीक तेवढा ठेवला. हा फोटो देखणा असेल, पण चित्र म्हणून तो मला कमकुवत वाटतो, कारण त्यात काही घडायची शक्यताच उरलेली नाही.

'शेवटी ही कला आहे, पुरावा नाही,' असं यावर कुणी म्हणेल. मान्य. जॉन जेम्स ऑड्युबॉन पक्षी मारून, तारेने टाचून, चौकटी आखलेल्या फळीवर त्यांना पोझ द्यायचा आणि मग रंगवायचा. 'बर्ड्स ऑफ अमेरिका' (१८२७ ते १८३८) तशीच घडली, आणि तरी त्या चित्रांत वादळ आहे. पण त्या चित्राकडे बघताना 'हे चित्र आहे' हे आपल्याला ठाऊक असतं. फोटोची सगळी ऐट 'हे असं होतं' या वचनावर उभी असते. ऐट कलेची मागायची आणि सूटही कलेची मागायची, हे जमत नाही. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही स्पर्धा लंडनच्या त्याच नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची, ज्याचा रानपिंगळा चोरीला गेला होता. २००९ला तिथे पहिलं बक्षीस मिळालेला, फाटकावरून उडी मारणारा लांडगा बहुधा पाळीव होता असं ठरवून जानेवारी २०१०मध्ये बक्षीस काढून घेतलं. २०१७च्या एका विजेत्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं होतं असा निष्कर्ष २०१८मध्ये निघाला, तेही बक्षीस गेलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. दोन्ही फोटो आजही बघायला सुंदरच आहेत. परीक्षकांनी सौंदर्य परत मागितलं नव्हतं, चिठ्ठी तपासली होती.

बाकीच्या काही युक्त्यांवर फार शाई खर्च करायची गरज नाही. फांदीत भोक पाडून त्यात जिवंत अळ्या कोंबणं, टोळ चिकटवणं, मोबाईलवर नराची हाक वाजवून विणीच्या दिवसांत त्याला तासभर भांडायला लावणं. हे वाईट आहे. पुढे चला.

मला जास्त काळजी वाटते ती एका सभ्य, निरुपद्रवी वाटणाऱ्या परिणामाची. साक्री तालुक्यात आज पक्षी कशावर बसतात? छडवेल, ब्राह्मणवेल, भामेरकडे जा, डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. कापशी घार, जिचं नाव आमच्या कपाशीच्या शिवारात फार शोभतं, ती विजेच्या खांबावर बसून उंदीर शोधते. खंड्या लाटीपाडा धरणाकडच्या पाटावर मोटारीच्या पाइपावर. चिमण्या ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यावर. तांबट मोबाईल टॉवरशेजारच्या उंबरावर. बदलत्या तालुक्याची ही एवढी मोठी गोष्ट पक्षी आपल्या पायांनी सांगतायत, आणि हजारो फोटोंमधून नेमकी तीच कापली जातेय. माळढोकासारख्या जड, समोरचं कमी दिसणाऱ्या पक्ष्याला वीजवाहिन्यांनी संपवत आणलं. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घालायचा आदेश द्यावा लागला आणि २०२४मध्ये तो बदलावाही लागला. तारेचा पक्ष्यांशी काय संबंध हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च कोर्टात गेला, आणि आमच्या फोटोंमध्ये तारच नाही.

दुसरा परिणाम पोरांवर होतो. साक्री-पिंपळनेरकडची शाळा-कॉलेजातली काही मुलं पक्षी बघतात. कुणाकडे सेकंडहँड कॅमेरा, कुणी दुर्बिणीच्या भोकाला मोबाईल लावून फोटो काढतं. त्यांना वाटतं आपल्याकडचे पक्षीच कमी देखणे. तसं नसतं. त्यांच्या पक्ष्यांमागे खरं शिवार असतं, म्हणजे चिंधी अडकलेली बोर, पिवळं गवत, युरियाची गोणी. मागे एका स्पर्धेत अशाच एका मुलाचा फोटो 'पार्श्वभूमी विचलित करणारी' म्हणून पहिल्या फेरीत बाद झाला. स्पर्धेचा विषय होता 'पक्षी आणि त्यांचा अधिवास'.

आणि आता तर यंत्रंही चित्रं काढतात. फांदीवरचा एकटा पक्षी आणि मागे लोणी, ही रचना त्यांना सगळ्यात आधी जमली, कारण शिकायला तसलेच फोटो ढिगाने होते. क्लॅम्पवाल्या मित्राने पहाटे चारला उठून काढलेला दयाळ आणि कुणीतरी गादीवर लोळत एका ओळीत मागवलेला दयाळ यांत फरक करणं मला अवघड जातं. त्याच्या तपश्चर्येला वाचवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खरीखुरी, विशिष्ट, कुठलीतरी जागा. ती त्याने स्वतःच धूसर केली.

मी त्याला सुचवलं की खाली लिही: 'दयाळ, घरचं अंगण, पाण्याचं भांडं, फांदी मी लावलेली.' तो म्हणाला, मग लाइक कमी येतील. येतीलही. पण मला तो फोटो आधीपेक्षा जास्त आवडला असता. त्यात एक माणूस आला असता, जो कडक उन्हात परक्या जिवासाठी पाणी भरून ठेवतो आणि मग तासभर श्वास रोखून बसतो. आणि फांदी लावायचीच तर कडुनिंबाची लाव, बाभळीची लाव, बोराची लाव, म्हटलं. अंगणाबाहेर उभ्याच आहेत. तो यावर विचार करतोय, असं त्याचं म्हणणं.

गेल्या आठवड्यात छडवेल रस्त्याकडच्या एका मुलाने फोटो टाकला. मोबाईलवर काढलेला, जरासा हललेला. काटेरी तारेच्या कुंपणावर खाटीक, शेजारच्या काट्याला टोचलेला टोळ, एक पाय अजून ताठ. मागे पवनचक्कीचं पातं फ्रेमच्या कडेला कापलं गेलेलं. मी पाहिला तेव्हा सहा लाइक होते आणि एक कॉमेंट: 'मस्त. तार एडिट करून काढता येईल.'